पाचवा शब्द

चेहरे पुसणं हे माझं काम आहे. गेली नऊ वर्षं मी तेच करतो. माणसाच्या मेंदूचा एमआरआय काढला की मेंदूबरोबर त्याचं नाक, ओठ, कपाळ, कानही चित्रात येतात. थोडी खटपट केली तर संगणकावर तो माणूस ओळखू येईल इतका स्पष्ट उभा करता येतो. म्हणून चित्र बाहेर पाठवण्याआधी मी चेहरा खरवडून काढतो, नावाच्या जागी नंबर घालतो आणि मुख्य केंद्राकडं रवाना करतो. तिथं देशातल्या आणि बाहेरच्या कितीतरी शहरांतून अशीच बिनचेहऱ्याची डोकी येतात. संगणक ती एकमेकांशेजारी ठेवून बघतात. विसरण्याचा आजार माणसाला जाणवण्याच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत कुठं सुरू होतो, हे शोधायचं आहे. त्यात डॉक्टर आहेत, संगणकवाले आहेत, मेंदूचे अभ्यासक आहेत. सोलापुरात एका इस्पितळाच्या मागच्या इमारतीत आम्ही सहा जण आहोत.

त्या सहांमधले एक सर होते. त्यांच्याबद्दल लिहायला मी याआधी दोनदा बसलो आणि उठलो. त्यांच्यावर लिहायचं म्हणजे मी काय केलं तेही लिहावं लागतं.

सर आमच्याकडं स्मरणशक्तीच्या चाचण्या घेत. त्याआधी कुठल्याशा कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते. उंच, वाळलेले, कान मोठे, नाक मधेच वळलेलं. लग्न केलेलं नव्हतं. घरात कानडी बोलत, आमच्याशी मराठी, आणि स्कूटर चालू झाली नाही की तेलुगू. अक्कलकोटकडचा माणूस तेलुगूत शिव्या कशा देतो असं विचारलं की म्हणत, "शिवी उसनी घ्यावी ओ. आपल्या आईच्या भाषेत देववत नाही."

त्यांच्या शर्टाचा खिसा कायम फुगलेला असे. त्यात चिंचोके असत. चाचणीत पाच शब्द सांगायचे, मधे दुसरं काहीतरी बोलायचं, चित्र काढायला लावायचं, आणि मग ते पाच शब्द परत विचारायचे अशी रीत. समोरच्या माणसाला एक शब्द आठवला की सर त्याच्या तळहातावर एक चिंचोका ठेवत. पाच आठवले तर पाच. ज्याला दोनच आठवले तो दोन चिंचोके मुठीत घेऊन लाजत बाहेर पडे, पण रिकाम्या हातानं कुणी जात नसे. एकही नाही आठवला तर सर म्हणत, "आलात त्याचा एक घ्या."

मुख्य केंद्रानं यावर हरकत घेतली. असं काही हातावर ठेवल्यानं चाचणीवर परिणाम होतो असं त्यांचं म्हणणं. सरांनी उत्तर लिहायला मलाच सांगितलं. "लिहा, आपणांस दोन चिंचोके पाठवत आहोत. पुढच्या पत्रात किती मिळाले ते आठवणीनं कळवावं." मी अर्थातच तसं लिहिलं नाही. सरांनी मात्र खरंच पाकीट पाठवलं.

शब्दांवरूनही त्यांनी भांडण काढलं होतं. वरून आलेल्या यादीत 'मखमल' असा शब्द होता. सर म्हणाले, "मंद्रूपच्या बाईनं मखमल कशाला लक्षात ठेवायची? तिनं ती कधी बघितली?" सहा महिने पत्रं चालली. शेवटी घोंगडी, चिंच, कुलूप, मोर, पिवळा अशी आमची स्वतःची यादी मंजूर झाली. मग चाचणी सुरू करण्याआधी त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. "घरात भाकऱ्या मोजता ते कुठल्या भाषेत?" ज्या भाषेत भाकऱ्या, त्या भाषेत चाचणी. नियमात हे कुठंही नव्हतं. पण नंतर संगणकानं आमच्या केंद्राचे आकडे सगळ्यात स्वच्छ म्हणून वेगळे काढले, तेव्हा मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुख डॉक्टरांनी, त्या प्रश्नासाठी फॉर्मवर एक चौकोन वाढवून घेतला.

यंत्राच्या बोगद्यात जायला लोक घाबरतात. आतला खडखडाट भयंकर असतो. यंत्रमागावर आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्यांना सर सांगत, "काही नाही, कारखान्यात पाळीला आलाय असं समजा." आणि ती माणसं आत गाढ झोपत. बाकीच्या शहरांत लोक हलले म्हणून चित्रं वाया जात. आमच्याकडं एक आजोबा तर घोरले होते.

सर स्वतः काहीही लिहून ठेवत नसत. कुणाची तारीख कधीची, कुणाचा मुलगा चिंचोळीला कुठल्या कारखान्यात, कुणाला मधुमेह, सगळं तोंडपाठ. मी डायरी काढली की हसत. "लिहिलं की डोकं झोपतं. मग ते झोपलेलं डोकं तुम्ही यंत्रात घालता आणि विचारता, का हो झोपलात?"

त्यांच्या आईला हाच आजार होता. शेवटची चार वर्षं ती सरांना "मास्तर, आमचा मुलगा शाळेतून कधी सुटणार?" असं कानडीत विचारत असे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, जेवताना. कडक भाकरी मोडता मोडता सांगितलं आणि लगेच शेंगाचटणीचा डबा पुढं केला.

आजार नसलेली माणसंही आम्हाला लागतात, तुलनेसाठी. ती मिळत नाहीत. बरा माणूस कशाला यंत्रात शिरेल? म्हणून पहिल्याच वर्षी आम्ही सगळे स्वतःच शिरलो. दर वर्षी एकदा. सर एक्केचाळीस नंबर, मी त्रेचाळीस. कुठला नंबर कुणाचा हे एका वहीत असे. ती वही लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडं. नियम असा की चित्रात काय दिसलं ते त्या माणसाला सांगायचं नाही, कारण हा अभ्यास आहे, इलाज नाही. पण काही गंभीर दिसलं तर मॅडमना सांगायचं, आणि मग त्या बोलावून रीतसर तपासणी करणार. म्हणजे मार्ग होता. हे मी मुद्दाम लिहितोय. मला पळवाट नको आहे.

मृत्यूनंतर मेंदू अभ्यासाला द्यायचा असेल तर त्याचाही एक फॉर्म आहे. तो माणसानं स्वतः, पूर्ण जाणतेपणी भरायचा. आम्ही पाच जणांनी भरला. सरांनी नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही लोकांना समजावता आणि स्वतःच?"

"अजून वापरात आहे," सर म्हणाले.

नंतर मला एकट्याला बाजूला घेऊन त्यांनी खरं सांगितलं. "देणार मी. पण आत्ता सही केली तर वाट बघत बसल्यासारखं होईल. माझ्या डोक्यात पहिली खूण दिसली की तुम्ही मला सांगायचं. त्या दिवशी सही करतो. आपल्या आत काय चाललंय ते माहीत असताना द्यायचंय मला. नकळत दिलेलं दान आणि हरवलेली वस्तू यांत फरक काय?"

"सर, मला सांगता येत नाही. नियम आहे."

"मॅडमना सांगा. त्या मला सांगतील. पण आधी तुम्हाला दिसणार. शब्द द्या."

मी दिला. त्यांनी माझ्या हातावर एक चिंचोका ठेवला आणि म्हणाले, "हरवू नका."

दोन वर्षांनी मुख्य केंद्राचं पत्र आलं. दुपारची वेळ होती, वीज गेली होती आणि मी खिडकीपाशी उभा राहून फोनवरच ते वाचलं. 'क्रमांक एक्केचाळीसची यंदाची प्रतिमा निरोगी गटाशी जुळत नाही. स्मरणाशी संबंधित भाग मागील वर्षापेक्षा आकसलेला दिसतो. आपल्याकडं क्रमांकांची अदलाबदल झाली आहे काय, हे तपासून कळवावं.'

अदलाबदल होते कधी कधी. एका दिवशी सहा माणसं यंत्रात जातात, नंबर चुकतो. माझ्याकडून पूर्वी एकदा झाली होती. वीज आल्यावर मी मूळ चित्र उघडलं, चेहरा न पुसलेलं. करायला नको होतं ते केलं, चेहरा उभा केला. राखाडी रंगाचं, डोळे मिटलेलं डोकं हळूहळू पडद्यावर फिरलं. मोठे कान. मधेच वळलेलं नाक.

त्याच वेळी बाहेरच्या खोलीतून सरांचा आवाज येत होता. "भाकऱ्या मोजता ते कुठल्या भाषेत, आजी?"

मी तो चेहरा पडद्यावरून घालवला.

मी उत्तर लिहिलं, 'होय, अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे. ही प्रतिमा वगळावी.'

का लिहिलं, याची कारणं मी तेव्हा स्वतःला भराभरा सांगितली. पुढच्या महिन्यात केंद्राची पाहणी होती. चाचणी घेणाऱ्या माणसाचीच स्मरणशक्ती जाते आहे असं निघालं असतं तर त्यांनी घेतलेली प्रत्येक चाचणी संशयात आली असती. कदाचित केंद्रच बंद झालं असतं. शिवाय एका चित्रावरून काय ठरतं, पुढच्या वर्षी बघू. ही सगळी कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण साधं होतं. मला त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायची भीती वाटली.

त्या वर्षभरात मी सरांकडं जसा बघत होतो तसं कुणी कुणाकडं बघू नये. ते शब्द शोधायला थांबले की माझा श्वास अडके. त्यांनी कुणाच्या नातवाचं नाव बरोबर सांगितलं की मला हायसं वाटे, जणू मीच सुटलो. जेवताना मी त्यांच्यासमोरची जागा सोडून टोकाला बसू लागलो. त्यांच्या ते लक्षात आलं. "काय ओ, चटणी तिखट लागायला लागली का?"

मग एक दिवस हात धुताना मी त्यांचा डावा तळहात पाहिला. त्यावर निळ्या शाईनं लिहिलेलं होतं. घोंगडी. चिंच. कुलूप. मोर. पिवळा. हजारो वेळा उच्चारलेले त्यांचेच शब्द. त्यांनी मूठ मिटली. मी नळ बंद केला.

मंद्रूपच्या एका आजी आमच्याकडं येत. पूर्वी त्यांची मेंढरं होती. नातवंडांची नावं विसरत, जेवल्याचं विसरत. मुलगा सकाळी आणून सोडे, आणि परत न्यायला कधी त्याला जमलं नाही तर सर त्यांना स्कूटरवरून गावी पोचवत. हेही नियमात नव्हतं. एके दिवशी पावणेचारच्या सुमारास ते दोघं निघाले. सहाला मुलाचा फोन आला की आई आली नाही. सर फोन उचलत नव्हते. मी मोटारसायकल काढली. मंद्रूपच्या रस्त्यावर जाऊन आलो, कुणी नाही. जाताना प्रत्येक पुलाखाली वाकून बघत होतो. मनात जे चित्र येत होतं ते लिहीत नाही. फक्त एवढं सांगतो, की त्या चित्रात दोघंही होते आणि ते माझ्या एका ओळीच्या उत्तरामुळं तिथं पडले होते.

शेवटी होटगी स्टेशनवरून एका हमालानं सरांच्या फोनवरून फोन केला. मी पोचलो तेव्हा फलाटावरच्या बाकावर दोघं बसलेले. आजींनी सरांचा हात घट्ट धरला होता. सर समोरच्या रुळांकडं बघत होते.

"ह्यो मास्तर वाट इसरला," आजी म्हणाल्या. "तीन डाव त्याच वडापाशी आला. मी म्हणलं, आरं बाबा, गाडी हितं उबी कर. रूळ दिसत्यात, तितं ठेसन आसंल. ठेसनावर मानसं असत्यात."

"आजी, तुम्हाला काही लागलं नाही ना?"

"मला काय हुतंय. ह्योच रडाय लागला." मग त्यांनी माझ्याकडं बारीक डोळ्यांनी पाहिलं. "तुमी मला दर साली त्या बोगद्यात घालताव. ह्येला घाला की एकदा."

"घातलंय आजी," मी म्हणालो. "घातलं होतं."

"मग? दिसलं न्हाय व्हय तुमाला?"

सरांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. विद्यार्थ्यानं उत्तर अर्धं दिलंय आणि उरलेलं तो देईल म्हणून मास्तर थांबतो, तसे ते थांबले होते. मी आजींना गाडीवर बसवायच्या गडबडीत असल्यासारखं केलं.

मग सगळं भराभर झालं. मॅडमनी रीतसर तपासण्या केल्या. जुनी चित्रं मागवली आणि विचारलं, "मागच्या वर्षीचं कुठाय?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी झालं ते मुख्य केंद्राला कळवलं, सरांनी घेतलेल्या त्या काळातल्या चाचण्या बाजूला काढल्या गेल्या. केंद्र बंद झालं नाही. मला नोकरीवरूनही काढलं नाही. पण वही आणि किल्ली काढून घेतली.

सर मेंदूदानाच्या फॉर्मवर सही करायला आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. बरोबर पुतणी होती, आता ते तिच्याकडंच राहतात. सहीआधी इस्पितळाच्या समितीपुढं विचारतात, या सहीचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा. सर ताठ बसले आणि म्हणाले, "अर्थ सोपा आहे. माणसाला आपल्या आत काय चाललंय ते माहीत असताना त्यानं..." इथं ते थांबले. खिशात हात घालून चिंचोके चाचपले. "त्यानं... कुणाचं डोकं म्हणालात?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. सरांची सही त्यांना घेता आली नाही. एक वर्ष आधी घेता आली असती.

मी सरांना सांगितलं, पुतणीच्या घरी, आठवड्याभरानं. पत्र, चेहरा, मी पाठवलेलं उत्तर, सगळं. ते ऐकत होते, पूर्ण समजून. मग म्हणाले, "एक वर्ष." आणखी काही वेळानं म्हणाले, "चिंचोका आहे का अजून?" मी नाही म्हणालो. तो कधीच हरवला होता. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांना माझं सांगणं आठवत नव्हतं. ते आनंदानं भेटले, चटणी खाऊन जा म्हणाले. मला ते सहन झालं नाही. मी परत सांगितलं. पुतणी दारात उभी होती. ती म्हणाली, "काका रात्रभर झोपत नाहीत तुम्ही गेल्यावर. कशाला सांगताय परत परत? तुमचं हलकं होतं म्हणून?" ती बरोबर बोलत होती. तरी तिसऱ्यांदाही मी सांगितलं, ती भाजीला गेलेली बघून. त्या वेळी सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट केलंत हो," ते हळू आवाजात म्हणाले. "पण माझ्याजवळ बोलून काय उपयोग? त्या माणसाला जाऊन सांगा. अजून वेळ असेल त्याला."

त्यानंतर मी सांगायचं थांबवलं.

यंदाही मी यंत्रात गेलो. त्रेचाळीस नंबर. किल्ली आता आमच्यातल्या सगळ्यात तरुण बाईंकडं असते. स्वभावानं चांगल्या आहेत. माझं चित्र गेल्याला दोन महिने झाले. त्या माझ्याशी हसून बोलल्या की मला वाटतं, का हसल्या. नाही बोलल्या की वाटतं, पत्र आलं. परवा जेवताना त्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पंखा तिकडं होता म्हणून असेल. मी घरी आल्यावर दाढीच्या आरशासमोर पाच शब्द म्हणतो आणि आंघोळ झाली की परत म्हणून बघतो. बायकोला वाटतं मी काही स्तोत्र पाठ करतोय.

गेल्या रविवारी सरांकडं गेलो होतो. ते अंगणात खुर्चीवर बसले होते. मला ओळखलं नाही, पण मी कशासाठी आलोय हे त्यांना पक्कं ठाऊक असल्यासारखं वाटलं. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली.

"बसा. घाबरायचं नाही. घरात भाकऱ्या मोजता ते कुठल्या भाषेत?"

"मराठीत," मी म्हणालो.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि दिसेल त्यातून पाच शब्द मला सांगितले. ही आमची यादी नव्हती, ताजी होती. मग ते बोलत राहिले. उन्हाबद्दल, कुठल्याशा शाळेबद्दल, आई अजून का आली नाही त्याबद्दल. मला वाटलं ते विसरले. इतक्यात ते पुढं वाकले, त्यांचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला.

"हं. सांगा आता ते पाच शब्द."

"बादली," मी म्हणालो. त्यांनी खिशातून चिंचोका काढून माझ्या तळहातावर ठेवला. "कण्हेर." दुसरा. "चप्पल. शिडी."

चार झाले. पाचवा चिंचोका त्यांच्या चिमटीत धरलेला होता आणि ते माझ्याकडं बघत थांबले होते. मी अंगणभर नजर फिरवली. त्यांनी जिथून शब्द उचलला ती वस्तू समोरच कुठंतरी असणार होती. दोरीवर कपडे होते, तुळस होती, कोपऱ्यात सायकल होती. यातलं कुठलंच वाटेना. किती वेळ गेला माहीत नाही. तो शब्द मला अजून आठवलेला नाही.

सरांनी पाचवा चिंचोका परत खिशात टाकला. मग दोन्ही हातांनी माझी बोटं त्या चार चिंचोक्यांवर मिटवली आणि माझी मूठ झाकून धरली. घराच्या दाराकडं एकदा पाहिलं, पुतणी ऐकत नाही ना म्हणून.

"असू दे," ते कुजबुजले. "मी कुणाला सांगणार नाही."